खडूची रेघ

ठराव झाला: चौकातला सातुर्निनो चोकेविल्का काढायचा.
काढणार मी. वायराकोल्यूत गॅस-कटर माझ्याकडेच आहे.
घोट्याच्या वर चार बोटं, मी खडूने रेघ मारून ठेवलीय.

चार हजार मीटरवर पहाटेचं ब्राँझ कातडी ओढून घेतं,
म्हणून मोजमाप दुपारी घेतलं.
शिल्पकार राजधानीचा होता. त्याने दहाच्या दहा बोटं दिलीत.
खऱ्याला आठच होती. दोन
सान हासिंतोच्या तिसऱ्या पातळीवर सुरुंगाने नेली.
उरलेल्यांपैकी तिघांत खडू धरून
कथिलाच्या पोत्यांमागे, कार्बाइडच्या दिव्याशी
तो रात्री बायकांना अक्षरं शिकवायचा.

माझी आई एस्कोलास्तिका तेव्हा एकतीस वर्षांची.
पहिला शब्द त्याने आई शिकवला नाही, घर नाही,
देश तर नाहीच.
तराजू.
कारण कंपनीचा तराजू दर शनिवारी खोटं बोलायचा.
ज्या शनिवारी तिने काट्यावरचे आकडे मोठ्याने वाचले
त्या दिवशी मुकादमाने पहिल्यांदा मान वर करून
तिचं तोंड कसं आहे ते पाहिलं.
हे ती अजून सांगते, वाळले बटाटे भिजत घालताना,
दर वेळी मुकादमाची मिशी थोडी मोठी होते.

पुढचं सांगत नाही. पुढचं मला मावशीकडून कळलं.

संप झाला. नऊ आठवडे खाण आमची होती,
म्हणजे त्याची.
पिठाच्या गोदामाच्या दारावर एका सकाळी कागद:
तीन नावं, आणि खाली एकच शब्द, खबरे.
आईने बोट फिरवत वाचला.
कुणाला न विचारता पुरा वाचलेला तिचा पहिला कागद.
दुसरं नाव तिच्या भावाचं,
फक्त ब च्या जागी व: वासिलिओ.

रात्री ती गेली त्याच्याकडे.
म्हणाली, हा माझा बासिलिओ नव्हे, अक्षर वेगळं आहे.
(गावात वासिलिओ कुणीच नव्हता. दोघांनाही ठाऊक होतं.)
त्याने कागद मागवला, पेन्सिल घेतली,
चूक सुधारली.
म्हणाला, आपल्या जिभेला ब आणि व सारखेच, कॉम्रेड,
हाताला असून चालत नाही. छान शिकलीस.

पहाटे तीन आवाज आले.

मामाच्या गादीत अकरा कोऱ्या नोटा निघाल्या.
कंपनीच्या, की लग्नासाठी साठवलेल्या?
चाळीस-पन्नास वर्षं गाव त्या नोटा मोजतंय.
चोकेविल्काला पावसाळ्याआधी सैन्याने नेला,
त्याची हाडं अजून मिळायची आहेत.
मामाची मिळाली, म्हणून मामाला पुतळा नाही.

आता युनियनवाले दुकानात येतात, कोकाची पानं पुढे करतात:
तू तर त्या रात्रशाळेतल्या बाईचा मुलगा ना?
ते गेले की त्या तिघांची नातवंडं येतात:
तू तर बासिलिओचा भाचा ना?
मी दोघांची पानं चघळतो.
होय, म्हणतो. होय.

ठरावाला स्थगिती आली, मग स्थगितीला स्थगिती.
हिम वितळताना रेघ पुसून नेतं, मी पुन्हा मारतो,
कधी चार बोटं वर, कधी पाच.
परवा चुकून गुडघ्याशीच मारली
आणि बराच वेळ तिथे हात टेकून उभा राहिलो.

आईला विचारलं, कापू का?
म्हणाली, तुझं यंत्र, तुझा गॅस.
मग थोड्या वेळाने: पाडलास तर पालथा पाडू नकोस.

दर महिन्याच्या पाचला ती पेन्शनला जाते.
वाटेत चौथऱ्यापाशी थांबते. वर बघत नाही.
पितळी पाटीवर बोट ठेवते
आणि त्याचं नाव वाचते, पुटपुटत, एकेक अक्षर,
जन्माचं साल, गावाचं नाव, सगळं,
वही तपासणाऱ्या मास्तरणीसारखी.
बरोबर आहे, म्हणते,
आणि रांगेत जाऊन उभी राहते.